जेवल्यावर एक गोळी, वर पेलाभर पाणी

आमच्या ओपीडीत रक्ताचे रिपोर्ट यायला आठवडे लागतात, किस्से मात्र पहिल्या बसने हजर. पेडण्याहून, डिचोलीहून उतरतात, बाकावर टेकतात आणि नंबर यायच्या आधीच माझ्या टेबलावर सांडतात. रात्री जेवताना मी एखादा सांगितला की भाऊ विचारतो, "तू कॅन्सरच्या विभागात कामाला आहेस की नाटक कंपनीत?" मैत्रिणी म्हणतात, लिहून काढ, नाहीतर विसरशील. विसरण्यासारखे ते नाहीत, पण साठत चाललेत एवढं खरं.

आधी माझं काम सांगते. सीएमएल हा रक्ताचा कॅन्सर. पूर्वी त्याचं नाव निघालं की डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घ्यायचे. मग एक गोळी आली. जुन्या औषधांसारखी ती सगळ्या शरीराला झोडपत नाही. ज्या बिघाडामुळे पेशी वाढत सुटतात, नेमकी त्याच्यावर बोट ठेवते. रोज एक गोळी, जेवल्यावर, वर मोठा पेलाभर पाणी, आणि लगेच आडवं व्हायचं नाही. एवढं पाळलं की बहुतेक माणसं पूर्वीसारखी शेतात, दुकानात, लग्नाच्या पंगतीत दिसतात. दर तीन महिन्यांनी रक्त मुंबईला जातं आणि बिघडलेल्या पेशी किती उरल्या त्याचा आकडा येतो. तो आकडा खाली जातोय की नाही हे बघणं, जो आला नाही त्याला फोन करणं, त्याच्याकडे फोन नसेल तर शेजाऱ्याच्या फोनवर ओरडणं, यासाठी मी बी.एस्सी. केलं. रोगाचं गोळी बघून घेते. माणसं माझ्या वाट्याला येतात.

*

सगुण आबा पेडण्याच्या आतल्या एका गावचे. डिचोलीच्या खाणींवर मातीचे ट्रक चालवण्यात आयुष्य गेलं, आता काजूची बाग बघतात. पहिल्या दिवशी आमच्या मोठ्या डॉक्टरांनी त्यांना समजावलं, "आबा, तुमच्या रक्तात पांढऱ्या पेशी फार वाढल्यात." आबांनी मान डोलावली. सगळं समजलं असं वाटणारी ती मान. तिच्यावर माझा आता काडीचा विश्वास नाही.

पुढच्या खेपेला रक्त सुधारलेलं, आणि आबांचं वजन उतरलेलं. डॉक्टर चक्रावले. मी आजींना बाजूला घेऊन विचारलं, आबा जेवतात काय?

"जेवता कसलां, बाय? दूध बंद, दही बंद, खोबरां बंद, फोव बंद. भात खाता तो उकड्या तांदळाचो, तांबडो म्हणान. वयर सोलकढी."

"सोलकढीत नारळाचा रस असतो की. तो पांढराच."

हे आबांनी ऐकलं. "सोलां घातली काय तेचो रंग गेलो," ते म्हणाले. "माका काय कळना नाय?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि पेशी म्हणजे काय, खाण्याच्या रंगाशी त्यांचा कसा काही संबंध नाही, हे चित्र काढून पुन्हा सांगितलं. आबांनी तीच मान डोलावली. दारापर्यंत गेले, आणि परत फिरले.

"डॉक्टर, चवथीक घराक चुनो काढलो तर चलात?"

*

आबांना कॅन्सर आहे हे आजींना कळू द्यायचं नाही, असं आबांनी मला बजावलेलं होतं. "ती हाय खायत. रगत कमी आसा म्हणान सांग." आबांना कॅन्सर आहे हे आबांना कळू द्यायचं नाही, असं आजींनी मला बजावलेलं होतं. "तो धीर सोडतलो. रगत कमी आसा म्हणान सांग." दोघंही मला एकाच आठवड्यात, एकाच शेजाऱ्याच्या फोनवरून हे सांगत होते. त्यामुळे शेजाऱ्यालाही सगळं माहीत होतं.

आमच्या विभागाच्या दारावर मोठी पाटी आहे. तिच्यावर कॅन्सर हा शब्द तीन भाषांत आहे, आणि तो दिसणार नाही अशी एकही जागा बाकावर नाही. तर आबा आजींना पाटीकडे पाठ करून बसवायचे आणि स्वतः समोर उभे राहायचे. थोड्या वेळाने आजी उठायच्या, "तुमी बसा, तुमचे पाय दुखतले," म्हणून आबांना पाटीकडे पाठ करून बसवायच्या आणि स्वतः उभ्या राहायच्या. सकाळभर हे चालायचं. शेवटी मी वैतागून म्हटलं, "अहो, तुम्हा दोघांनाही ठाऊक आहे. बसा आता शेजारी शेजारी."

दोघं शेजारी शेजारी टेकले. मग आबा आजींना म्हणाले, "मी तुका पाठ करून बसवी होतंय, तू वाचलंस कधी?"

*

गोळी कशी घ्यायची याचं एक पत्रक काढायचं ठरलं. त्यासाठी समिती नेमली. समितीत मोठे डॉक्टर, समाजसेवा विभागाच्या बाई आणि एक निवृत्त हेडमास्तर. पहिल्या दोन सभा पत्रक मराठीत की कोंकणीत यातच गेल्या. गोवा घटक राज्य झालं, राजभाषा ठरली, त्याला इतकी वर्षं झाली, पण हेडमास्तर आणि बाई यांच्यात तो प्रश्न अजून सुटलेला नव्हता. चहा तीनदा आला. मी म्हटलं, आमच्या निम्म्या पेशंटांना वाचायचा कंटाळा आहे. सरळ चित्र काढा. भाताचं ताट, पुढे बाण, मग गोळी, मग पाण्याचा मोठा पेला.

सगळ्यांना पटलं. मग बाई म्हणाल्या, "नुसता भात काय काढतेस? गोव्यातल्या माणसाचं ताट आहे. मासा नको?"

"बांगडा," हेडमास्तर म्हणाले. दोघांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट.

मी नको म्हटलं. तू लहान आहेस, असं उत्तर मिळालं. पत्रकावर बांगडा आला. फार छान आला होता, तळलेला, वर लिंबाची फोड.

श्रावण संपल्यावर रिपोर्ट आले आणि पेडण्याच्या पाच-सहा जणांचे आकडे जिथल्या तिथे अडकलेले, दोघांचे तर वर चढलेले. सगळ्यात वर आबा. मी त्यांना टेबलासमोर बसवलं.

"आबा, गोळ्या रोज घेता?"

"रोज."

"सोमवारी?"

"सोमवार शिवराक."

"म्हणजे सोमवारी मासे नाहीत. पण गोळी?"

आबांनी खिशातून पत्रकाची घडी काढली आणि बांगड्यावर बोट ठेवलं. "हो नसताना गोळी कशी घेवची?"

"गुरुवारी?"

"शिवराक."

"श्रावणात? अख्खा श्रावण?"

आबांनी माझ्याकडे असं बघितलं, की या मुलीच्या घरी श्रावणात मासे शिजतात की काय. वर म्हणाले, "आणि पावसात ट्रॉलर बंद असताना बांगडो मेळता खंय? ह्यो इचार तुमी करूक नाय."

समिती पुन्हा बसली. बांगड्याशेजारी मोड आलेल्या मुगाच्या रश्शाची, म्हणजे मुगागाठीची, वाटी काढायची असं सर्वानुमते ठरलं. मी सुटकेचा निःश्वास टाकते तोच बाईंनी विचारलं, "मुगागाठी कांदा घालून, की बिनकांद्याची?"

मी खुर्ची सरकवून बाहेर आले.

*

हरमलच्या शेवंती मावशी पर्यटकांना खोल्या भाड्याने देतात. पन्नाशीच्या, काळ्यासावळ्या, दणदणीत आवाजाच्या. या गोळीने काहींच्या कातडीचा रंग उजळतो. मावशींचा इतका उजळला, की घरी राहायला येणाऱ्या फिरंग्यांचा रंग तिला लागला असं वाड्यावर बोललं जाऊ लागलं. मावशी खूश. मला म्हणाल्या, "देवान एक हातान नेलां आणि दुसऱ्या हातान दिलां."

मग एकदा त्या ठरलेल्या तारखेच्या बऱ्याच आधी गोळ्या मागायला आल्या. मी विचारलं, आधीच्या कुठे गेल्या? मावशी पदराशी खेळायला लागल्या. हा आवाजाचा डोंगर गप्प झाला की समजावं, काहीतरी घडलेलं आहे.

शेजारणीच्या मुलीला बघायला मुलगा येणार होता. मुलगी सावळी. शेजारीण मावशींना रोज विचारायची, कसली क्रीम लावतेस? मावशींनी खरं ते सांगितलं, आणि वर एक पाकीट काढून दिलं.

मी किती ओरडले ते लिहीत नाही. बाकावरची माणसं उठून दुसऱ्या बाकावर गेली. ओरडून झाल्यावर विचारलं, "किती घेतल्या तिने?"

"एकच गो. ती पण उपाशी पोटार. साडी घट्ट जाता म्हणान सकाळपासून जेवूक नाय."

आणि मग पुढचं निघालं. पाहुणे आले, मुलगी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली, ट्रे ठेवला, मुलाच्या वडिलांच्या पाया पडायला वाकली, आणि तिथेच, त्यांच्या पायांवर, तिने सकाळचं पाणी ओकलं. मुलाच्या आईने काय समजायचं ते समजून घेतलं, चहाला हात न लावता नवऱ्याला उठवलं, आणि जाताना मुलीच्या आईला म्हणाली, "अगोदर सांगूक जाय आशिल्लें."

मावशी डोळे पुसत म्हणाल्या, "पण बाय, इतक्यां जाताना चेडू पांढरां फटक पडलां. रंग इलो."

*

गोळीचा आणखी एक त्रास म्हणजे सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली सूज येते. दोन छोट्या पिशव्या लटकल्यासारखी. ऊन चढलं की उतरते.

आबांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. ट्रकचा धंदा करून हे सांभाळलं, याचा त्यांना फार अभिमान. तर एका सकाळी गावच्या बारचा मालक बाबलो त्यांना रस्त्यात आडवा आला. हात जोडलेले.

"आबा, माझां काय चुकलां तां सांगा."

"तुझां काय चुकतलां?"

"गावात माझो एकच बार. आधी गुरवाचे डोळे सुजूक लागले, मी गप रवलंय. देवळातलो माणूस, चोरून पिता आसात. आता तुमचेव. पिता खंय तुमी दोघां? माझ्या मालात खोट काय आसा?"

आबा तडक ओपीडीत आले आणि डोळ्यांचं औषध मागायला लागले. मी म्हटलं, सूज त्रासाची नाही, उतरते, तुम्ही बाबलोला सरळ सांगा, ही गोळीची सूज आहे.

"गोळयेचां सांगितलां तर रोगाचां सांगूचां पडतलां," आबा म्हणाले. जरा विचार केला. "तेच्यापरास बेवडो बरो."

दुसऱ्या दिवशी ते बाबलोच्या बारसमोरून जाताना मुद्दाम थोडे झोकांडले, असं आजींनी मला फोनवर सांगितलं. शेजारी मागून हसत होता.

*

मग आबांचा रिपोर्ट असा आला की बिघडलेली पेशी सापडलीच नाही. मोठे डॉक्टर खुर्चीतून उठून त्यांचा हात हातात घेऊन हलवत राहिले. आबांनी सगळ्या विभागात जत्रेतलं गोड खाजं वाटलं. आणि गायब झाले.

पुढची तारीख गेली. शेजाऱ्याच्या फोनवर आबा कधी बागेत, कधी बाजारात. एकदा आबांच्याच आवाजात मला उत्तर मिळालं की आबा घरी नाहीत. मी स्कूटर काढली आणि गाव गाठलं. आबा अंगणात काजूच्या बिया वाळत घालत होते.

"गोळ्या?"

"बंद."

"कोणी सांगितलं?"

"तुमच्या कागदान. काय सापडूक नाय म्हणता. गाडी दुरुस्त झाली. दुरुस्त गाडी कोण गॅरेजीत ठेवता?"

मी त्यांच्याच गाडीच्या भाषेत उतरले. "आबा, गोळी म्हणजे गाडीचा ब्रेक. ब्रेक काढून गाडी चालवता?"

"घाट संपलो काय ब्रेकार पाय कोण ठेवता?"

"घाट संपलाय हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"माझ्या पायान," आबा म्हणाले. "सगळो जल्म घाटात गाडी मारली, चेडवा. तू स्कूटर मारतंस."

मी काही बोलायच्या आत आजी आतून चहा घेऊन आल्या.  त्यांनीच कसंबसं आबांना पुढच्या आठवड्यात रक्त द्यायला आणलं.

आकडा वर आला होता. मोठे डॉक्टर आवाज न चढवता बोलतात, त्या दिवशी तर फारच हळू बोलले. "आबा, रोग परत आलाय. आज गोळी सुरू केलीत तर बहुतेक खाली बसेल. थांबलात तर पुढे तो या गोळीचं ऐकेल याची खात्री मी देणार नाही." आजींनी आबांच्या सदऱ्याची बाही मुठीत धरली होती.

आबांनी या वेळी मान डोलावली नाही. म्हणाले, "एकदा बरो केलास, परत आयलो. आता देवाक इचारतंय. तो व्हय म्हणालो तर घेतंय. नाय म्हणालो तर नाय."

"मग आजच विचारा," मी म्हटलं.

"आज कसां? गुरव खंय आसा? तो बेळगावाक गेलो. दर म्हयन्याक जाता, बहीण आसा तेची थंय."

म्हणजे रोग वाढत राहणार, आणि देव गुरव रजेवरून यायची वाट बघणार. मी मोठ्या डॉक्टरांना म्हटलं, तुम्ही रागवा त्यांना. ते म्हणाले, "मी रागवून ते घेतील का?" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू जा देवळात."

*

गेले. सकाळची वेळ. देवळात गावचे दहा-बारा बाप्ये, आजी खांबाला टेकून, आबा हात जोडून पुढे; गावाला त्यांनी गोळी रक्त कमी असल्याची म्हणून सांगितलेली. गुरव उंच, किडकिडीत. कपाळाला गंध. त्याने ओल्या फुलांच्या पाकळ्या मूर्तीच्या दोन्ही बाजूंना चिकटवल्या. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. हे मला आजींनी कानात सांगितलं, आणि सांगताना माझं मनगट धरलं ते सोडलंच नाही.

"देवा, हेणां गोळी परत सुरू करूची काय?" गुरवाने विचारलं.

सगळे पाकळ्यांकडे बघत राहिले. डावीकडची पडली.

आबांनी डोळे मिटले. आजींची बोटं माझ्या मनगटात रुतली. मी तोंड उघडलं. देवळात ओरडायचं नसतं हे मला माहीत आहे, पण मी उघडलं.

त्याआधी गुरव बोलला. "हो कौल देवाचो न्हय. पंख्याचो."

सगळ्यांनी वर बघितलं. छताला पंखा गरगरत होता. मागे कधीतरी जत्रेला कोणा भक्ताने दिलेला.

"इतकी वर्सां पंखो चालूच असता मरे," मागून एक म्हातारा म्हणाला.

"म्हणानच गावाचां ह्यां असां जालां," गुरव म्हणाला. "बंद कर तो."

पंखा बंद झाला. गुरवाने नव्या पाकळ्या घेतल्या. डावीकडची त्याने पाण्यात बुडवून चांगली दाबून बसवली. उजवीकडची नुसती टेकवली. मी हे बघितलं. त्या म्हाताऱ्यानेही बघितलं असावं, कारण तो खोकला. गुरवाने वळूनही पाहिलं नाही.

उजवीकडची पडली.

मग गुरवाने देवापुढे गाऱ्हाणं घातलं. आवाज एकदम खणखणीत.

"बा देवा म्हाराजा! ह्यो तुझो लेक आजपासून गोळी घेतलो!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एका आवाजात.

"उपाशी पोटार घेवचो नाय, जेवान घेतलो!"

"व्हय म्हाराजा!"

"शिवराक असो, माशांचां असो, श्रावण असो, एक दीस चुकवचो नाय!"

"व्हय म्हाराजा!"

"वयर मोठो पेलोभर पाणी पितलो, आणि लगीच आडवो पडचो नाय!"

"व्हय म्हाराजा!" यात माझा आवाज सगळ्यांच्या वर होता.

"सकाळी डोळे सुजले तर कोणी तेका बेवडो म्हणूचां नाय!"

इथे बाप्ये जरा अडखळले. मागे उभा असलेला बाबलो मात्र मोठ्याने ओरडला, "व्हय म्हाराजा!"

आजींनी माझं मनगट सोडलं. आबांनी तिथेच पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढलं, आणि पोटात अन्न नाही हे आठवून परत ठेवलं. आजी लगबगीने घराकडे निघाल्या, भात टाकायला.

सगळे पांगले तेव्हा मी प्रसाद घ्यायला पुढे झाले. गुरवाने माझ्या ओंजळीत फूल आणि खोबरं ठेवलं. जवळून बघितलं तर त्याचा चेहरा जागोजागी उजळलेला, कातडी पातळ पडल्यासारखी. डोळ्यांखाली दोन छोट्या पिशव्या.

"गुरवदादा," मी विचारलं, "बेळगावची बहीण बरी आहे ना?"

गुरवाने समईची वात पुढे सारली.

"एकदम बरी," तो म्हणाला. "रिपोर्टात काय एक सापडूक नाय. तरी गोळी सोडूक नाय तिणां."